छातीच्या फोटोतला अपूर्णांक

छातीचा फोटो कधी काढलाच नाही, असा मनुष्य मुंबईच्या उपनगरांत विरळाच. थंडगार फळीला छाती लावायची, श्वास रोखायचा, सोडायचा, की झाले! डॉक्टर फोटो उजेडासमोर धरून “साफ आहे” म्हणतात आणि आपण हुश्श करून घरी येतो. परंतु घाटकोपर-मुलुंडच्या कित्येक जुन्या कामगारांचा प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. छाती किती बिघडली, हे आकड्यांत ठरावे लागते.

घाटकोपरच्या ‘हिंदुस्थान फेरोडो’त ॲस्बेस्टॉसपासून मोटारींच्या ब्रेकची अस्तरे होत, मुलुंडला ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे. ‘फेरोडो’ ही विलायतेच्या ‘टर्नर अँड न्यूऑल’ची शाखा. त्याच टर्नर घराण्याच्या रॉचडेलच्या गिरणीत राबलेली नेली कर्शॉ १९२४ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. तिची फुप्फुसे तपासून डॉ. कूक यांनी धुळीचा हा रोग जगापुढे मांडला. पुढे १९२७ मध्ये त्याला ‘ॲस्बेस्टोसिस’ हे नाव मिळाले. म्हणजे आपल्याकडे भोंगा वाजू लागला, तेव्हा हा रोग काही अज्ञात नव्हता.

ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच रुतून बसतात. त्यांच्याभोवती व्रण धरत जातो, मऊ फुप्फुस चिवट होते. हे सारे इतके सावकाश, की पंधरा-वीस वर्षे माणसाला पत्ताही लागत नाही. मग एक दिवस रेल्वेचा पूल चढताना दम लागतो.

हे मोजायचे कसे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५० पासून एक पद्धत बसवली आहे. ती वेळोवेळी सुधारली गेली. नमुन्याचे फोटो शेजारी ठेवून रोग्याचा फोटो ताडून पाहायचा. ठिपके आणि रेघोट्या किती दाट, त्यावरून शून्य ते तीन असे वर्ग, आणि त्यांच्या एकंदर बारा पायऱ्या. ॲस्बेस्टॉसच्या रेघोट्या बहुधा फुप्फुसाच्या तळाशी दिसू लागतात. १/० असा शेरा पाहून गणिताच्या मास्तरांनी कपाळाला हात लावावा! त्याचा अर्थ एवढाच, की वर्ग एक ठरवला, पण शून्याचाही गंभीरपणे विचार झाला. साधारणतः इथूनच रोगाची हद्द सुरू झाली असे मानतात.

फोटो ‘वाचायचा’ असतो, हा शब्दप्रयोग आम्हा मराठीच्या मास्तरांना फार पटतो. एकाच कवितेवर दोन परीक्षक निराळे गुण देतात, तसेच इथेही होते. म्हणून जाणत्या वाचकांकडून तोच फोटो स्वतंत्रपणे वाचवून घेतात. आता बारीक कापांचा सीटी स्कॅन आहे. साध्या फोटोत न दिसणारी जाळी त्यात दिसते. तळाशी साचलेली सावली खरी की नुसती निजल्यामुळे आलेली, हे ताडण्यासाठी रोग्याला पालथे निजवूनही चित्रे घेतात. तरी चित्र म्हणजे श्वास नव्हे. फोटो बरा आणि माणूस धापा टाकतो आहे, असेही घडते. म्हणून श्वास मोजण्याची चाचणी जोडीला हवीच.

२००५ साली मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतील १८१ कामगारांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. दर पाचांत एकाहून थोड्या अधिक जणांना ॲस्बेस्टोसिस होता. या रोगाला कायद्याने भरपाई आहे, पण ती मिळवायला निदान हाती लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निदान चाळीस वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. ठीक, पण कारखानाच उठून गेल्यावर त्या नोंदी मागायच्या कोणाकडे?

लालबहादूर शास्त्री मार्गावर आज बऱ्याच जुन्या कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. तिथे राबलेले कोणी आजोबा आपल्या घरी असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे त्यांचे जुने एक्स-रे रद्दीत घालू नका. आजच्या फोटोशेजारी वीस वर्षांपूर्वीचा फोटो ठेवला, म्हणजे रोग किती चालून आला ते डॉक्टरांना दिसते. फक्त पाकिटावर तारीख लिहिलेली आहे ना, तेवढे पाहा.