पिण्याच्या पाण्याला ट्यूबची पट्टी नको

श्रीपूरच्या उसाच्या पट्ट्यात वस्तीवर ट्रॅक्टरची जुनी ट्यूब सापडतेच. नळ गळू लागला, की तिचा वायसर कापायचा, सांध्याला पट्टी गुंडाळायची, ही आपली रीत. शेताच्या पाइपला ती चालेल. पिण्याच्या पाण्याला नको.

ट्यूबचे रबर हवा धरण्यासाठी बनवतात. त्यातली तेले व गंधकाची रसायने पाण्यात थोडी थोडी उतरू शकतात. पाण्याला रबराचा वास येतो तो त्यानेच. शिवाय पट्टी ढिली पडते. नळ गेला, की पाइपात ओढ निर्माण होते आणि सांध्याभोवतीचे घाण पाणी आत शिरते. जुलाब, कावीळ अशाच वाटेने घरात येतात.

साधे रबर टीसीएलमधील क्लोरीनने कालांतराने कडक होऊन तडकते. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठीचा ‘ईपीडीएम’ किंवा खाद्य दर्जाच्या सिलिकॉनचा वायसर मागावा. काळ्या रंगावर जाऊ नये, पाकिटावरचे नाव वाचावे. ईपीडीएमला ग्रीस, ऑइल लावू नये, तो फुगतो. नवा वायसर बसवल्यावर पहिले पाणी वाहू द्यावे, मगच हंडा भरावा.