प्राणवायूची उधारी

सोलापूरच्या नवी पेठेत सकाळी दुकानाचे शटर वर गेले की गल्ल्यावर बसलेला व्यापारी अनेकदा रात्री हिशेब मिटवूनच उठतो. त्याचे चालणे गोदामापर्यंत आणि जिना चढणे माळ्यापर्यंत. अशा दिनक्रमात मुलाने मोबाईलवर दाखविलेला ‘चार मिनिटांचा व्यायाम’ मोठा सोयीचा वाटतो. साधने नकोत, जिमची फी नको, वेळही फारसा नको. वीस सेकंद झपाट्याने बैठका किंवा जोर, दहा सेकंद विश्रांती, आणि पुन्हा तेच. परंतु स्वस्त दिसणाऱ्या या सौद्याची किंमत शरीराला मोजावी लागते. ती आधी समजून घेणे हिताचे.

स्नायूंजवळ तयार ऊर्जेचा साठा तुटपुंजा असतो. पूर्ण ताकद लावली तर तो सुमारे दहा सेकंदांतच संपत येतो. पुढे रक्तातून येणारा प्राणवायू मागणीला पुरत नाही, तेव्हा स्नायू प्राणवायूविनाच साखर वापरू लागतात. हा व्यवहार घाईचा आणि तोट्याचा. ग्लुकोजच्या एका रेणूपासून प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जेची (एटीपीची) सुमारे ३० एकके मिळतात. त्याविना केवळ २. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात या तुटीस प्राणवायूचे कर्ज म्हटले. व्यायाम थांबल्यानंतरही धाप लागते, ती या उधारीची फेड होय. ही फेड मुद्दलाहून अधिक भरते, असे पुढील अभ्यासात दिसून आले, जणू व्याजच.

हातात वजने नाहीत म्हणून भार नाही, असेही नव्हे. शरीर जमिनीला समांतर ठेवून जोर काढताना वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो. ७० किलोच्या माणसाला ते ४५ किलोंहून अधिक भरते. उडी मारून उतरताना गुडघ्यांवरचा भार तर वजनाच्या कित्येक पट होतो. हृदयाचे ठोकेही कमाल मर्यादेजवळ पोहोचतात. २२० मधून वय वजा करावे, हा त्या मर्यादेचा ढोबळ आडाखा. पन्नाशीच्या गृहस्थांची मर्यादा १७० मानली, तर तिचे ८५ टक्के म्हणजे मिनिटाला सुमारे १४५ ठोके. त्यात श्वास रोखून धरला तर रक्तदाब एकदम चढतो.

वीस आणि दहा सेकंदांचे हे गणित जपानचे संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगामुळे जगभर पोहोचले. मात्र त्या प्रयोगातील व्यक्ती तरुण आणि व्यायामाची सवय असलेल्या होत्या. त्यांनी जागेवर स्थिर असलेली सायकल चालविली होती, आणि त्याआधी दहा मिनिटे अंग तापविले होते. चार मिनिटांची कीर्ती पसरली. ही पूर्वतयारी मात्र मागे पडली.

आपल्याकडे तालमीच्या वस्तादांना हे अनुभवाने ठाऊक होते. नव्या पोराला पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारू देत नसत. आकडा हळूहळू चढे. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन ते शाळांपर्यंत नेणारे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांची ख्यातीही नित्यनेमाचीच आहे. सवय नसताना एका दिवसात अतोनात बैठका काढल्यास स्नायूंचे तंतू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. गडद तपकिरी लघवी ही त्याची खूण; अशा वेळी विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शरीरात पाणी कमी असेल तर हा धोका वाढतो, आणि आपल्या घरांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ज्यांच्या घरी चौविहार आणि नवकारशी पाळली जाते, त्यांच्या पोटात सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत पाणी नसते. पहाटेच्या वेळी त्यांनी तीव्र व्यायाम करणे इष्ट नाही. नवकारशी पारल्यावर पाणी प्यावे, अर्धा तास जाऊ द्यावा आणि दुकान उघडण्यापूर्वी व्यायाम उरकावा. उपवासाच्या दिवशी तो टाळावा. सोलापूरचा पारा चैत्र-वैशाखात चाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवर नव्हे, पंख्याखाली किंवा सावलीत करावा.

आरंभ साधा असावा. पहिला महिना-दीड महिना रोज अर्धा तास झपझप चालणे पुरे. नंतर आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून, दहा मिनिटे अंग मोकळे करावे. मग २० सेकंद खुर्चीवरून उठ-बस आणि ६० सेकंद विश्रांती, अशा चार फेऱ्या कराव्यात. जोर भिंतीला हात टेकून काढावेत, उड्या नकोत. विश्रांतीत पूर्ण वाक्य बोलता येईपर्यंत पुढची फेरी सुरू करू नये. मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दाब, जबड्यात वा हातात कळ, भोवळ, यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि दवाखान्यात जावे.

सचोटीचा व्यापारी जुनी बाकी चुकती केल्याशिवाय नवा माल उचलत नाही. दोन फेऱ्यांमधली विश्रांती ही तीच बाकी फेडण्याची वेळ आहे. तिला फुकट गेलेला वेळ समजू नये.