नडगीतली चीर आणि प्रकाशाचा उपचार



आपल्या भागातली कितीतरी पोरं सैन्य आणि पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी सडकेवर पळतात. भरती जवळ आली की पळणे एकदम दुप्पट होते आणि एखाद्याची नडगी दुखू लागते. "लचक भरली असंल, तेल चोळ," एवढ्यावर घरात विषय संपतो. पण पुष्कळदा ती हाडाला गेलेली बारीक चीर असते. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

गाडीचा आख एका खड्ड्याने मोडत नाही. रोजच्या हादऱ्यांनी त्याला चीर जाते. हाडाचे तसेच. फरक इतकाच की हाड जिवंत असते. झिजलेला भाग उकरून ते तिथे नवा भरते. उकरणे लवकर होते, भरणे सावकाश. त्याच वेळी पळणे वाढवले की चीर पडते. कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायाचे हे दुखणे प्रशियाच्या लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ सालीच नोंदवले होते.

यावर आता प्रकाशाचा उपचार निघाला आहे. १९६७ साली बुडापेस्टच्या डॉ. एन्द्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर मंद लेसर सोडला, तर केस लवकर उगवले. तांबडा आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पेशींना चालना देतो, असे शास्त्रज्ञ मानतात. २००६ साली आपल्या सैन्यदलांच्या वैद्यकीय नियतकालिकात नडगीला चीर गेलेल्या सैनिकांवरील प्रयोग छापून आला. लेसर घेतलेले लवकर बरे झाले, असे त्यात दिसले.

मग लेसर घेऊन पळावे का? मुळीच नाही. माणसांवरचे असे प्रयोग थोडे आहेत, आणि मांडीच्या खोल हाडापर्यंत प्रकाश फारसा पोचत नाही. शिवाय ठणका कमी झाला म्हणून पोरगं पुन्हा पळालं, तर चिरेचा पुरता मोड होतो. प्रकाश हा जोडउपचार. खरे औषध विश्रांती. नडगीला बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात.

एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, पळताना वाढत आणि बसल्यावर कमी होत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. जांघेत कळ असेल तर त्या पायावर भार न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि पालकांनो, भरती तोंडावर आली म्हणून पोरगं दुखणं लपवतं. तेव्हा त्याला रागावू नका, जवळ बसवून विचारा.