चार मिलिमीटरची टिकटिक

सहा सिलिंडरचा ट्रक गारठ्यात सुरू केला की कधीकधी केबिनखालून टिकटिक ऐकू येते. इंजिन तापलं की ती बंद होते. ड्रायव्हर म्हणतो, गेली. गेलेली नसते. लोखंड तापून फुगलेलं असतं आणि धूर निसटण्याची आपली फट त्यानं आपणच बुजवलेली असते.

ही टिकटिक मोजून बघण्यासारखी आहे. प्रत्येक सिलिंडर इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच जळका वायू बाहेर फेकतो. मिनिटाला ६०० फेरे असले तर एका सिलिंडरचे ३०० फुत्कार, म्हणजे सेकंदाला पाच. तेवढीच टिकटिक असेल तर बहुधा एकाच सिलिंडरच्या तोंडाशी गळती आहे. निदान निम्मं झालं, अजून पान्याला हातही लागलेला नाही!

फट का पडते? भरलेला ट्रक कसाऱ्याचा घाट चढतो तेव्हा धुराचं तापमान ६०० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा साठ सेंटिमीटरचा बिडाचा मॅनिफोल्ड इतका तापला तर चारेक मिलिमीटर लांबतो. तो ज्या हेडला आवळलेला असतो, त्यात पाणी खेळत असतं. ते जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. ही ओढाताण मधल्या स्टडना फारशी जाणवत नाही, टोकाच्या स्टडना सगळी सोसावी लागते. म्हणून बहुतेक वेळा तेच तुटतात, मॅनिफोल्ड वाकतो, पॅकिंग जळतं. मोठ्या इंजिनांचे मॅनिफोल्ड यासाठीच तुकड्यांचे, एकमेकांत सरकणारे केलेले असतात.

गळतीचा फटका टर्बोला बसतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली टर्बोचं पेटंट घेतलं, ते याच वाया जाणाऱ्या धुरातली ताकद वापरायला. धुराच्या जोरावर त्याचं चाक मिनिटाला लाखभर फेरे घेतं आणि इंजिनात हवा कोंबतं. टर्बोच्या आधीच धूर निसटला की हवा कमी पडते, गाडी ओढत नाही, जुन्या पंपाच्या इंजिनातून काळा धूर निघतो. टर्बोच्या पुढे गळती असेल तर ओढ फारशी कमी होत नाही, वास मात्र केबिनमध्ये येतो. हा धूर विषारी आहे, खिडकी उघडून भागत नाही. बीएस६ गाड्यांत काळा धूर फिल्टरमध्ये अडकतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबता येत नाही.

हवेचा होज फाटला तरी ओढ जाते. पण तिथे सलग फुसकारा येतो, काजळी नसते. धुराची गळती मात्र जोडाशी काळा फराटा मागे ठेवते. तरीही शंका उरली तर इंजिन बंद आणि गार असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरनं हवा सोडायची आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडायचं. बुडबुडे जागा दाखवतात.

नुसतं नवं पॅकिंग घालणं हा माझ्या मते सगळ्यात महागडा स्वस्त उपाय. आधी मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घालून बघावं, वाकला असेल तर फेसिंग करून आणावं. तुटून आत राहिलेल्या स्टडवर कसबी फिटर नट वेल्ड करतो. वेल्डिंगच्या धगीनं स्टड फुगतो, निवताना आकसतो, गंजाची पकड सुटते. मग पान्यानं तो हळूहळू फिरवून काढता येतो. आवळताना मधून टोकांकडे जायचं आणि टॉर्क कंपनीच्या पुस्तकातलाच द्यायचा.