वाजवणारा दिसेना, पियानो थांबेना

पियानोसमोरचं स्टूल रिकामं आहे. खोलीत चिटपाखरू नाही. आणि तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आपापल्या खाली-वर होताहेत आणि झकास गाणं वाजतंय! घाबरलात? शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी घरांत रोज संध्याकाळी हेच चालायचं आणि कुणी भीमरूपी म्हणायला पळत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं, की पियानोच्या पोटात एक कागदाची गुंडाळी आहे.

अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये एडविन वोटी नावाच्या माणसाने 1895 मध्ये एक कपाट बनवलं. ते पियानोसमोर ढकलत आणायचं. त्यातून 65 लाकडी बोटं बाहेर आलेली असायची आणि ती पट्ट्या दाबायची. याचं नाव पियानोला. पुढे हे सगळं यंत्र पियानोच्या आतच बसवायला लागले.

पण कागद पियानो वाजवतो कसा? एक करून बघा. स्ट्रॉच्या टोकाला कागदाचा कपटा लावा आणि दुसऱ्या टोकाने हवा ओढा. कपटा चिकटला ना? आता त्याला मधोमध भोक पाडा. भोकातून हवा आत घुसते आणि कागदाची पकड सुटते. पियानोलाची सगळी करामत या घुसणाऱ्या हवेत आहे.

पायाखालचे दोन पायटे हलवले, की मोठे भाते यंत्रातली हवा ओढून घेतात. आपल्या पेटीचा भाता हवा ढकलतो, हा उलटा. वर एक पितळी पट्टी असते आणि तिला ओळीने बारीक भोकं असतात, पुढच्या यंत्रांत पियानोच्या 88 स्वरांसाठी 88. त्या पट्टीवरून कागद सरकत राहतो. कागदातलं भोक पट्टीतल्या भोकावर आलं, की बाहेरची हवा सुर्रकन आत शिरते आणि रबरी नळीतून जाऊन कातड्याचा एक इवलासा पडदा उचलते. पडद्याने झडप उघडते, त्या स्वराचा छोटा भाता चपकन मिटतो आणि हातोडी तारेवर आपटते. टण्‌! भोक लांब असेल तर पट्टी तितका वेळ दाबलेली राहते. एकाच ओळीत चार भोकं आली, तर चार स्वर एकदम.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने तर कमालच केली. 1904 मध्ये त्यांनी ‘वेल्टे-मिन्योन’ आणला. मोठ्या कलाकाराने कुठे हळुवार वाजवलं, कुठे जोर लावला, कधी पेडल दाबलं, हेसुद्धा तो कागदावर टिपून ठेवायचा आणि तसंच पुन्हा वाजवून दाखवायचा. गुस्ताव माहलर हा थोर संगीतकार 1905 मध्ये लाइपझिगला या यंत्रासाठी चार रचना वाजवून गेला. सहा वर्षांनी तो वारला. त्याच्या पियानोवादनाची टिकून राहिलेली नोंद एवढीच, चार गुंडाळ्या!

1923 मध्ये अमेरिकेत बनलेल्या पियानोंपैकी निम्म्याहून जास्त स्वतःहून वाजणारे होते. मग घरोघरी रेडिओ आला, ग्रामोफोनचा आवाज सुधारला, 1929 मध्ये मंदी आली आणि हा धंदा बसला तो बसलाच. घरातल्या यंत्रांचे तर फार हाल झाले. रबरी नळ्या कडक होऊन तडकल्या, भात्यांचं कापड फाटलं, कधी उंदरांनी ताव मारला. दुरुस्तीला येणारा कारागीर म्हणायचा, हे लोढणं काढून टाका, पियानो हलका होईल. मालक म्हणायचे, टाका! साधा पियानो काय वाईट? असे किती पियानो पोट रिकामं करून बसले! मला तर त्या कारागिरांचा रागच येतो. आज तेच यंत्र पुन्हा सुरू करायचं तर एकेक भाता सोडवून नवं कापड चिकटवावं लागतं, आणि भाते किती, ते तुम्हीच मोजा.

काही यंत्रं मात्र नशीबवान निघाली. वेल्टे कंपनीने ‘टायटॅनिक’च्या धाकट्या बहिणीसाठी, म्हणजे ‘ब्रिटानिक’ जहाजासाठी, स्वतःहून वाजणारा ऑर्गन बनवला होता. संगीत नाटकातला पायाने वाजवायचा ऑर्गन नव्हे हं, उंचच उंच नळ्यांचा! तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटानिकचं इस्पितळ-जहाज झालं आणि 1916 मध्ये ते ग्रीसजवळच्या समुद्रात बुडालं. ऑर्गन त्यावर नव्हता, म्हणून वाचला.

मग त्याची वरात निघाली. स्टुटगार्टला कॅमेरे बनवणारे आउगुस्ट नागेल यांनी तो घरी नेला. काही वर्षांनी तो वेल्टेकडे परत आला आणि 1937 मध्ये विपरफ्यूर्टच्या विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात गेला. बरं झालं गेला, कारण 1944 मध्ये बॉम्बहल्ल्यात वेल्टेचा फ्रायबुर्गचा कारखाना बेचिराख झाला! 1969 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेवेन गावच्या हाइनरिश वाइस यांनी तो आपल्या संग्रहालयासाठी घेतला. एवढ्या फिरस्तीत तो मुळात कुणासाठी बनला होता, याचा सगळ्यांना विसर पडला. 2007 मध्ये दुरुस्तीसाठी उघडला तेव्हा आतल्या लाकडी तुळयांवर जहाजाचं नाव सापडलं. तिथे झाकल्या जाणाऱ्या जागी कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं, म्हणून तर पत्ता लागला!

सेवेनच्या संग्रहालयात तो आजही कागदाच्या गुंडाळ्यांवर वाजतो. आणि एखाद्या माणसाला स्वतः वाजवायची हौस आली, तर त्याच्यासाठीही पट्ट्या आहेत.