मुलांचे मन ऐकणारा डॉक्टर कसा घडतो?

गेल्या पावसाळ्यात मुखेड तालुक्यातील एक गृहस्थ मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा अकरावीत, क्लाससाठी नांदेडला खोली करून राहणारा. परीक्षा आली की पोटात कळ. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली; सर्व नॉर्मल. मीही दोनदा गोळ्या लिहून दिल्या होत्या. तिसऱ्या वेळी वडिलांना बाहेर बसवले. थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "सर, आजी वारली तेव्हा परीक्षा होती म्हणून मला घरच्यांनी कळवलंच नाही." तेव्हापासून प्रत्येक परीक्षेला त्याला वाटे, घरी काहीतरी झाले असणार. तोंडाला जे बोलता आले नाही, ते पोट बोलत होते.

त्याची थोरली बहीण मानसशास्त्रात एम.ए. करते. तिने विचारले, "डॉक्टरसाहेब, अशा मुलांसाठी मनोविश्लेषक व्हायचं तर काय शिकावं लागतं?" हा प्रश्न इतरांनाही पडत असेल, म्हणून येथे उत्तर देतो.

आधी नावांतील फरक पाहू. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात एम.डी. केलेला डॉक्टर, तो औषधे देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाही; तो चाचण्या व संवादातून उपचार करतो. मनोविश्लेषक या दोन्हींपैकी कोणीही असू शकतो, पण त्याला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. व्हिएन्नाच्या डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी ही पद्धत सुरू केली. पुढे मेलनी क्लाइन व फ्रॉइड यांची कन्या अ‍ॅना यांनी ती मुलांसाठी वाढवली. लहान मूल दुःख शब्दांत सांगत नाही. ते खेळण्यांतून, चित्रांतून सांगते.

आपल्या देशात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. मुंबईत आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९३७ सालीच बालमार्गदर्शन केंद्र काढले होते.

या प्रशिक्षणाचे तीन भाग असतात. पहिला, पुस्तकी अभ्यास. दुसरा, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणे. तिसरा सर्वांत अवघड: शिकणाऱ्याने स्वतःचेच विश्लेषण करून घेणे, तेही आठवड्यातून अनेकदा व काही वर्षे. कारण स्वतःच्या बालपणीची सल ज्याला ठाऊक नाही, तो ती समोरच्या मुलावर लादतो. मुलांसाठी काम करणाऱ्यांना आणखी एक धडा असतो. लंडनच्या टॅविस्टॉक क्लिनिकमध्ये एस्थर बिक यांनी १९४८ साली तो सुरू केला. एखाद्या घरी आठवड्यातून एकदा तासभर जायचे आणि तान्हे बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत नुसते पाहायचे. सल्ला द्यायचा नाही, समोर टिपणही काढायचे नाही. घरी येऊन आठवेल तसे लिहायचे.

वाचकहो, इतका खटाटोप कशासाठी? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी मी नवखा डॉक्टर होतो. जखमा शिवता आल्या, पण रात्री दचकून उठणाऱ्या लेकरांशी काय बोलावे, हे मला कोणी शिकवले नव्हते. ऐकणे हेही शिकावे लागते.

तेव्हा चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून मुलांवर उपचार करणाऱ्यापासून जपा. तुमचे शिक्षण कुठे झाले, कोणाच्या देखरेखीखाली झाले, हे विचारायला लाजू नका. लातूर व नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

त्या मुलाला मी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले. पण त्याआधी वडिलांना एकच सांगितले: त्याला गावी न्या आणि आजीचे शेवटचे दिवस कसे गेले, ते त्याच्याजवळ बसून सांगा. पोटदुखी लगेच थांबली नाही. मात्र पुढच्या वेळी तो आला तेव्हा माझ्याकडे गोळी मागितली नाही.