शाळेच्या मैदानातून ऑलिंपिकपर्यंत : जेसी ओवेन्स

१९३६ सालच्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे भरलेल्या ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत एका कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणाने सात दिवसांत चार सुवर्णपदके पटकावली. वंशश्रेष्ठत्वाचा डांगोरा पिटणाऱ्या हिटलरच्या राजधानीतच हे घडले. या तरुणाचे नाव जेसी ओवेन्स. त्याचा पराक्रम सर्वश्रुत आहे. परंतु त्यामागे असलेली एका शिक्षकाची दृष्टी आणि त्यानंतर वाट्याला आलेली उपेक्षा या दोन्ही गोष्टी तितक्याच मननीय आहेत.

ओवेन्सचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ रोजी अलाबामा राज्यातील ओकव्हिल या गावी झाला. आईवडील बटाईने शेती कसणारे. घरात दहा मुले. ओवेन्स नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब पोट भरण्यासाठी उत्तरेकडील क्लीव्हलँड शहरात आले. तेथील शाळेत त्याने आपले नाव ‘जे. सी.’ असे सांगितले. बाईंना ते ‘जेसी’ असे ऐकू आले आणि तेच नाव पुढे कायम झाले.

याच शहरातील शाळेत व्यायामशिक्षक चार्ल्स रायली यांनी त्याच्या पायांतील वेग हेरला. मात्र शाळा सुटल्यावर मुलाला कामावर जावे लागे. सरावाला वेळ कोठून मिळणार? रायली यांनी मुलाची अडचण ओळखली आणि सराव शाळा भरण्यापूर्वी, सकाळी ठेवला. वेळापत्रकातील या लहानशा बदलाने एका थोर क्रीडापटूची वाट मोकळी झाली.

पुढे ओहायो राज्य विद्यापीठात शिकत असताना, २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे, त्याने पाऊण तासाच्या अवधीत तीन जागतिक विक्रम मोडले व चौथ्याची बरोबरी केली. त्या दिवशीची ८.१३ मीटरची लांब उडी पंचवीस वर्षे अजिंक्य राहिली. बर्लिनमध्ये त्याने १०० मीटर अंतर १०.३ सेकंदांत, तर २०० मीटर अंतर २०.७ सेकंदांत कापले. लांब उडीत ८.०६ मीटर अंतर गाठले आणि रिले शर्यतीतही सुवर्णपदक मिळविले. लांब उडीत दुसरा आलेला जर्मन खेळाडू लुत्झ लाँग याने हजारो प्रेक्षकांदेखत त्याचे अभिनंदन केले. क्रीडाभावनेचे ते उज्ज्वल उदाहरण होय.

मायदेशी मात्र वर्णभेद तसाच होता. न्यूयॉर्कमध्ये त्याच्याच सत्कारासाठी जाताना ओवेन्सला हॉटेलातील मालवाहू लिफ्टने वर जावे लागले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला व्हाइट हाऊसमध्ये बोलावले नाही. हौशी क्रीडासंघटनेने त्याला निलंबित केल्यामुळे स्पर्धांची दारेही बंद झाली. निर्वाहासाठी हा विश्वविक्रमी धावपटू पैसे घेऊन घोड्यांशी शर्यती लावू लागला. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या हस्ते त्याला स्वातंत्र्यपदक मिळाले, तेव्हा बर्लिनच्या विजयाला चाळीस वर्षे झाली होती. ३१ मार्च १९८० रोजी त्याचे निधन झाले.

गुणवत्ता जात, वर्ण वा संपत्ती पाहून जन्माला येत नाही. ती ओळखणे हे शिक्षकाचे काम, आणि तिला सन्मानाने जगता यावे अशी व्यवस्था करणे हे समाजाचे. ओवेन्सच्या बाबतीत पहिले कर्तव्य वेळेवर पार पडले. दुसऱ्याला फार उशीर झाला.